काल काय खाल्लं ते राहू द्या, लहानपणी पाणी कुठलं प्यालात ते सांगा

तालुक्याच्या गावात माझं मेडिकल आहे. संध्याकाळी बाजार उठला की काउंटरवर एक वाक्य हमखास ऐकू येतं, "भाऊ, पित्ताची एक पत्ती द्या." काय होतंय विचारलं की, "दोन घास खाल्ले की पोट गच्च व्हायलंय," "करपट ढेकर यायल्यात," नाहीतर बेंबीच्या वर बोट ठेवून, "इथं आग पडायलीय." निदानही गिऱ्हाइकानंच आधी करून आणलेलं असतं. लग्नातलं जेवण बाधलं, ठेचा जास्त झाला, जागरण झालं, टेन्शन आहे.

यातल्या बऱ्याच जणांच्या पोटात एक जिवाणू मुक्कामाला असतो आणि त्याचा कालच्या ठेच्याशी काही संबंध नसतो. त्याचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी, डॉक्टर 'एच. पायलोरी' म्हणतात. जठरातल्या आम्लात जिवाणू टिकतच नाही, अशी डॉक्टरांचीही समजूत होती. हा मात्र युरियापासून अमोनिया तयार करतो, आपल्याभोवतीचं आम्ल मारतो आणि आतल्या चिकट थरात घर करतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात रॉबिन वॉरन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली तो प्रयोगशाळेत वाढवला. तोही ईस्टरच्या सुट्टीत काचेच्या बश्या नेहमीपेक्षा जास्त दिवस तशाच राहिल्या म्हणून. लोक विश्वास ठेवेनात, तेव्हा १९८४ साली मार्शलनं हे जिवाणू स्वतःच पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

मी डॉक्टर नाही, औषधं विकणारा माणूस आहे. गोळी सुरू करा किंवा बंद करा हे मी सांगणार नाही. पण डॉक्टरांपुढे बसण्याआधी काय तपासायचं, काय लिहून न्यायचं आणि तपासणी वाया जाऊ नये म्हणून काय सांभाळायचं, एवढं काउंटरच्या या बाजूनं नक्की सांगता येतं.

आधी धोक्याच्या खुणा

पुढचं सगळं वाचण्याआधी एवढं बघा. डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौचास होते का? रक्ताची किंवा चहाच्या चोथ्यासारखी उलटी झाली का? प्रयत्न न करता वजन उतरलं, घास गिळताना अडकतो, उलट्या थांबत नाहीत, रक्त कमी निघालं, पोटात गाठ लागते, असं काही आहे का? यातलं एकही असेल तर मेडिकलवर येऊच नका, थेट डॉक्टरांकडे जा. तिथं दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, लागते. साठीच्या पुढे पहिल्यांदाच अपचन सुरू झालं असेल तरी हेच लागू. आपल्याकडे बरेच डॉक्टर त्याच्याही अलीकडे दुर्बीण सुचवतात. जवळच्या नात्यात कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर तेही आधीच सांगावं.

लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते. त्यामुळे त्या चालू असतील तर घाबरण्याआधी डॉक्टरांना सांगा.

दुसरी गोष्ट, जिच्यामुळे माझी झोप उडालेली आहे. घाम फुटून छातीत दडपण, डावा हात किंवा जबडा भरून येणं, जिना चढताना 'जळजळ' होणं, हे पित्त नसतं. शुगरच्या पेशंटला तर हार्ट अटॅक नुसत्या अस्वस्थपणानं, मळमळीनंही येतो. अशा माणसाला सोडा पाजत बसू नये, दवाखान्यात न्यावं.

तुमचं दुखणं अपचनातलंच आहे का?

बेंबीच्या वर, बरगड्यांच्या खाली दुखणं, जळजळ, थोडं खाल्लं तरी पोट भरणं, जेवल्यावर तासन् तास जड वाटणं, हे अपचन. आंबट पाणी छातीतून घशाशी येणं, आडवं झालं की वाढणं, ही अन्ननलिकेची तक्रार. तिथं हा जिवाणू सहसा गुन्हेगार नसतो. बेंबीखालचा गुबारा, बद्धकोष्ठ ही आतड्याची भानगड. एकाच माणसाला तिन्ही असू शकतात, पण मुख्य कोणतं ते ठरवून घ्या. नुसतं "गॅस धरला" म्हटलं की डॉक्टरही गॅसचीच गोळी लिहितो.

कागद घ्या, घराचा इतिहास लिहा

हा जिवाणू बहुतेकांना लहानपणीच लागतो, दहा वर्षांच्या आत, बऱ्याचदा पाचच्याही आत. औषध घेतलं नाही तर तो जन्मभर राहतो. म्हणून पन्नाशीतल्या माणसानं जोखीम शोधायची तर आजच्या ताटात नव्हे, १९८० सालच्या घरात शोधावी लागते. हे प्रश्न मी माझ्याच घरात वापरले.

*घरात किती माणसं होती, आणि खोल्या किती?* दाटीवाटीची वस्ती ही सगळ्यात ठळक जोखीम. एका वाकळेखाली चार भावंडं झोपली, एका ताटात जेवली, एकाला उलटी झाली की दुसऱ्याच्या अंगावर. मोठ्या भावंडाकडून धाकट्याला लागण होणं अगदी सरळ आहे. बीड-धाराशिवकडची जी मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली आणि हंगामभर कारखान्याच्या फडावर कोपीत राहिली, त्यांनी या प्रश्नापुढे दोन खुणा कराव्यात. एक दाटीची, दुसरी पाण्याची.

*पाणी कुठलं होतं?* आडाचं, उघड्या विहिरीचं, नदीच्या वाळूत उकरलेल्या झिऱ्याचं, टँकरचं? मराठवाड्यात हा प्रश्न विचारायचा म्हणजे जखमेवरची खपली काढणं. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं ते सगळ्यांना आठवतं, पण त्याआधी आणि नंतरही गावोगाव टँकर विहिरीत रिकामा होत होता आणि बाया पोहऱ्यानं ते उपसत होत्या. शहरातही आठ-आठ दिवसांनी नळ येतो, म्हणून घरोघरी हौद, टाक्या, पिंप. पाणी कुठून आलं याच्याइतकंच ते घरात कसं साठलं आणि कुणाच्या हातानं काढलं, हे महत्त्वाचं. रांजणात तांब्या बुडवताना बोटं कुठवर बुडतात, एकदा बघा. माझ्या आजोळी रांजणावर एकच तांब्या उपडा असायचा. येणारा-जाणारा, गडी, पाहुणा, पोरं, सगळे त्यानंच पाणी काढायचे, आणि पोरं तर त्यालाच तोंड लावायची.

*शौचाला कुठं जात होता?* लोटा घेऊन ओढ्याकाठी जायचो, आणि त्याच ओढ्याच्या खालच्या अंगाला गावाचा आड, हे चित्र कुणाला परकं वाटेल असं नाही. येऊन हात मातीनं घासला की झालं. विष्ठेतून पाण्यात, पाण्यातून तोंडात, हा या जिवाणूचा एक रस्ता. लाळ आणि उलटी हे दुसरे.

*तुम्हाला घास कुणी भरवला आणि कसा?* हे विचारायला संकोच वाटतो, पण विचारा. दात न आलेल्या लेकराला भाकरी आधी स्वतः चावून मऊ करून भरवायची पद्धत आमच्याकडे होती. माझ्या आईनं आम्हा तिघांना तशीच भरवली. त्यात माया होती, आणि मायेबरोबर आईच्या तोंडातलं जे असेल तेही होतं. मिसरी लावणाऱ्या बाईचं बोट तोंडात जातं आणि त्याच हातानं लेकराचा घास कालवला जातो, हेही बघा.

*घरात कुणाला अल्सर (पोटातली जखम), एच. पायलोरी निघाला होता का?* आई, भावंडं, नवरा-बायको. आईला असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते. मोठेपणी नवऱ्याकडून बायकोला लागण होते, पण बालपणातल्या लागणीइतकी सहज नाही.

आता दोन गोष्टी वेगळ्या रकान्यात लिहा, कारण त्यांनी जिवाणू येत नाही, पण तो आत असेल तर जखम चिघळते. पहिली बिडी-तंबाखू-गुटखा. धूम्रपानानं अल्सर लवकर भरत नाही आणि या जिवाणूवरचं औषधही कमी लागू पडतं. दुसरी दुखण्याच्या गोळ्या. गुडघ्यासाठी, कंबरेसाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, किंवा आठवडी बाजारात कागदाच्या पुडीत मिळणारं नाव नसलेलं औषध. या गोळ्या एकट्यानंही अल्सर करतात, जिवाणू सोबत असला तर धोका आणखी वाढतो. हृदयासाठी ॲस्पिरिन चालू असेल तर तेही लिहा, पण मनानं बंद करू नका.

आणि यादीतून काय खोडायचं? तिखट. येसराची आमटी, ठेचा, काळा मसाला यांनी जळजळ होत असेल तर कमी करा, पण जिवाणू मिरचीतून येत नाही. टेन्शननंही येत नाही. ज्यांनी पित्त म्हणून वर्षानुवर्षं अळणी खाल्लं, त्यांना हे ऐकून राग येतो, आणि तो रास्त आहे.

कागद भरून झाल्यावर एक अडचण दिसेल. मराठवाड्यातल्या चाळिशीपुढच्या जवळजवळ प्रत्येकाच्या कागदावर चार-पाच खुणा होतात. जगात साधारण निम्म्या लोकांत हा जिवाणू आहे, भारतात प्रमाण जास्तच. म्हणजे अपचन आहे आणि जिवाणूही आहे, एवढ्यावरून जिवाणूमुळेच अपचन आहे असं ठरत नाही. ज्यांच्या पोटात तो आहे त्यांतल्या बहुतेकांना कधी काही होत नाही, थोड्यांना अल्सर होतो, फार थोड्यांना जठराचा कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं १९९४ साली त्याला कॅन्सरकारकांच्या पहिल्या गटात टाकलं हे खरं, पण भारतात लागण एवढी असूनही जठराचा कॅन्सर त्या मानानं कमी दिसतो, हेही तितकंच खरं.

मग कागद कशाला? महिनाभराहून जास्त अपचन आणि कागदावर खुणा, असं असेल तर पित्ताची दहावी पत्ती घेण्याऐवजी पहिली तपासणी करायची, हे ठरवायला. शिवाय आईला निघालं तर घरात आणखी कुणाचं पोट दुखतंय हे विचारायचं भान त्यातून येतं.

तपासणी, आणि माझी फजिती

लागण आत्ता आहे का हे सांगणाऱ्या तपासण्या तीन. पहिली श्वासाची. युरियाची गोळी किंवा पाणी पिऊन फुंकर मारायची. सकाळी उपाशीपोटी जावं लागतं. तिच्यात दोन प्रकार असतात, त्यातला कार्बन-१३ चा गर्भवतींना आणि मुलांना चालतो, कार्बन-१४ चा त्यांना देत नाहीत. दुसरी शौचाची, अँटिजेनची, म्हणजे शौचात जिवाणूचे अंश शोधणारी. लाज वाटते म्हणून लोक टाळतात, पण ती चांगली आहे आणि तालुक्यातून नमुना पाठवता येतो. फक्त मे महिन्यात बेचाळीस अंशाच्या उन्हात डबी मोटारसायकलच्या डिकीत घालून दुपारी नेऊ नका. सकाळी घ्या, लगेच द्या. तिसरी दुर्बिणीतून घेतलेल्या जठराच्या अस्तराच्या तुकड्याची. तुकडा पिवळ्या द्रावात टाकतात, जिवाणू असला तर रंग गुलाबी होतो. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं संभाजीनगर, अंबाजोगाई, नांदेड, लातूर अशा ठिकाणी आहेत. पैशाची अडचण असेल तर दुर्बिणीसाठी आधी तिथं विचारा.

रक्तातली अँटिबॉडी, म्हणजे शरीरानं जिवाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिनं, शोधणारी तपासणी सगळीकडे मिळते, पण जिवाणू गेल्यावरही ती बराच काळ 'आहे' असं दाखवत राहते. आत्ताची लागण ठरवायला तिच्यावर पैसे घालवू नका.

आता फजिती. आईचं पोट वर्षभर दुखत होतं. मी तिला रोज सकाळी पॅन्टोप्राझोल देत होतो, दुकान घरचंच. शेवटी जिल्ह्याला नेऊन श्वासाची तपासणी केली. निगेटिव्ह. मी खूश. सहा महिन्यांनी रक्त कमी झालं म्हणून दुर्बीण केली, तर अल्सर, आणि जिवाणूही. डॉक्टरांनी विचारलं, "मागच्या वेळी गोळी बंद केली होती का?" मी दिवसभर ज्या गोळ्या विकतो त्यांची ही साधी गोष्ट मला आठवली नव्हती. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, ओमेप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी जिवाणू दबून बसतो आणि तपासणीला सापडत नाही.

म्हणून तपासणीआधी या गोळ्या किमान दोन आठवडे, आणि कोणतंही अँटिबायोटिक किंवा बिस्मथ हे पोटाचं औषध किमान चार आठवडे बंद असावं लागतं. डॉक्टरांना विचारूनच. ज्याला रक्तस्राव होऊन गेलाय किंवा ॲस्पिरिन चालू आहे त्यानं मनानं गोळी थांबवणं धोक्याचं. मधल्या काळात जळजळीसाठी पातळ अँटासिड चालतं का, हेही त्याच वेळी विचारून घ्या. तारीख ठरवताना कॅलेंडरवर मागं मोजून खूण करा. आमच्याकडे आता कालनिर्णयावर लाल पेननं लिहिलेलं असतं, 'गोळी बंद'.

चौदा दिवसांचा कोर्स

लागण निघाली तर बहुतेक वेळा चौदा दिवसांचा कोर्स असतो. आम्ल कमी करणारी गोळी, सोबत दोन अँटिबायोटिक्स, कधी बिस्मथही. हे मिश्रण डॉक्टर ठरवतात, पण त्यांना एक माहिती तुम्हीच देऊ शकता, ती म्हणजे याआधी कोणकोणती अँटिबायोटिक्स खाल्लीत. भारतात हा जिवाणू मेट्रोनिडॅझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिनला बऱ्याच प्रमाणात दाद देत नाही. हगवण लागली की मेट्रोनिडॅझोल, खोकला झाला की क्लॅरिथ्रोमायसिनचंच भावंड अझिथ्रोमायसिन, चिठ्ठीशिवाय, अर्धवट, दोन दिवस. यात मेडिकलवाल्यांचा वाटा आहे, माझाही होता. जुन्या चिठ्ठ्या, रिकाम्या पत्त्या, जे असेल ते पिशवीत घालून न्या. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर ते सगळ्यात आधी सांगा.

कोर्सची तारीख नीट निवडा. वारीच्या वाटेवर, रमजानच्या रोज्यात, श्रावणातल्या उपवासात, घरच्या लग्नाच्या धामधुमीत सुरू करू नका. दिवसाला इतक्या गोळ्या असतात की वेळ चुकली की चुकतच जाते. आम्ल कमी करणारी गोळी जेवणाआधी अर्धा तास, बाकीच्या चिठ्ठीप्रमाणे. मी सुपारीच्या जुन्या डब्यात कागदाच्या पुड्या करून देतो, सकाळची आणि रात्रीची, चौदा दुणे अठ्ठावीस. डबा रिकामा झाला की कोर्स झाला.

तोंड कडू होईल, पत्रा चाटल्यासारखी चव येईल. थोडी मळमळ, पातळ शौच होईल. बिस्मथ असेल तर जीभ आणि शौच काळी पडते. ते औषधामुळे असतं, पण चक्कर, अशक्तपणा सोबत असेल तर लगेच दाखवा. मेट्रोनिडॅझोल चालू असताना दारू अजिबात नको, कोर्स संपल्यावरही तीन दिवस नको. टेट्रासायक्लिन असेल तर ते दुधाबरोबर घेऊ नका, आणि दिवस गेले असतील किंवा तशी शक्यता असेल तर आधीच सांगा. अंगावर पित्त उठलं, ओठ सुजले, दम लागला तर औषध थांबवून दवाखाना गाठा. एवढं सोडून बाकी कशासाठीही मध्येच सोडू नका. सहाव्या दिवशी बरं वाटतं आणि उरलेल्या पुड्या देव्हाऱ्याच्या खणात पडून राहतात, हे मी फार वेळा पाहिलंय.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी पुन्हा श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची. गोळी बंद ठेवण्याचा नियम तोच. ही दुसरी तपासणी लोक टाळतात, "बरं वाटतंय की" म्हणून. बरं वाटणं आणि जिवाणू जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नसेल गेला तर दुसरं मिश्रण द्यावं लागतं, तेच पुन्हा नाही.

जिवाणू गेला तरी पोट जड राहणारे खूप आहेत. नुसत्या अपचनात, अल्सर नसताना, या कोर्सचा आराम थोड्यांनाच पडतो. मग जेवणाच्या वेळा, थोडं थोडं खाणं, झोप, दुखण्याच्या गोळ्या कमी करणं, आणि डॉक्टरांनी सुचवली तर वेगळी औषधं.

घरात काय बदलायचं

मोठ्या माणसाला पुन्हा लागण होणं फारसं सोपं नाही, पण अस्वच्छ पाण्याच्या भागात ते घडतं. आणि लेकरांची पहिली लागण तर इथंच टाळायची असते. पाणी खळखळ उकळून घ्या किंवा मेडिक्लोर, म्हणजे क्लोरीनचे थेंब टाका, बाटलीवर लिहिलेत तेवढेच, आणि अर्धा तास थांबा. तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. फडक्यानं गाळल्यानंही नाहीत. थंडगार जारचं पाणी म्हणजे शुद्ध पाणी, असंही नाही. टँकर विहिरीत ओतला की ग्रामपंचायतीनं टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली का, हे विचारायला लाजू नका.

लक्षणं नसलेल्या पोरांना सरसकट तपासायला नेऊ नका. त्यांच्यासाठी साबण, संडास आणि वेगळा पेला एवढं बघा.

आईची दुसरी तपासणी स्वच्छ आली. त्या आठवड्यात तिनं बाजारातून लांब दांड्याचं ओगराळं आणलं आणि पाण्याच्या पिंपाशेजारी खिळ्याला अडकवलं. पहिले काही दिवस सगळे विसरून तांब्याच बुडवत होते. मग तिनं तांब्या उचलून कपाटात ठेवला. आता नातीला भरवताना ती भाकरी दुधात कुस्करते, चमच्यानं.